एक, तीन, पाच

सकाळी इवाकी डोंगराच्या शेंड्यावर
चाळणीतून पीठ भुरभुरावं इतकंच बर्फ.
डोंगर तीनदा पांढरा झाला
की चौथ्यांदा गावाची पाळी, असं इथं म्हणतात.
ही पहिलीच खेप.
म्हणजे अजून सायकल चालेल.

पाणीपुरवठा विभाग, खिडकी क्रमांक दोन.
सव्वीस वर्षं मी या शहरातल्या माणसांना
त्यांच्याच नळाचा हिशेब समजावून सांगतेय.
आज एक बाई भांडायला आल्या,
पूर्ण तयारीनिशी, पावत्या रबरात बांधून.
मी वही उघडली. चूक आमचीच होती.
तसं म्हटलं तर त्यांचा चेहराच उतरला:
घरून आणलेलं एवढं भांडण
आता ठेवायचं कुठं?
शेवटी पिशवीतून दोन सफरचंदं काढून
शिक्क्याशेजारी ठेवून गेल्या.
लाच वगैरे नाही हो.
या दिवसांत इथं सफरचंद कुणी घेत नाही,
ते फक्त चुकवता येत नाही.
दोन्ही वाऱ्यानं पाडलेली, एका गालाला मार लागलेली.
एक मी दुपारी खाल्लं,
मार लागलेल्या बाजूनं आधी.

आणि हो,
जिन्याखालच्या यंत्रात आजपासून
वरच्या रांगेची पट्टी निळ्याची लाल झाली.
गरम कॉफीचा डबा लगेच उघडायचा नसतो.
आधी कोटाच्या डाव्या खिशात, मग उजव्या.
एकशेतीस येनमध्ये दोन हात शेकून होतात,
वर कॉफी फुकट.

पाचलाच अंधार.
रॉकेलची गाडी आपली तीच धून वाजवत
गल्लीगल्लीतून फिरते,
आणि घरोघरी कुणीतरी डबा घेऊन
चपला शोधत असतं.

गुरुवार. अग्निशमन केंद्राच्या माडीवरची खोली.
निळं कापड, पांढरा दोरा, मध्ये एक स्टोव्ह.
कधीकाळी इथल्या शेतकरणींना
सुती कापड नेसायची बंदी होती.
तागातून वारा आरपार जायचा,
म्हणून त्यांनी एकेक भोक दोऱ्यानं बुजवलं
आणि बुजवता बुजवता, राहवलं नाही म्हणून,
नक्षी केली.
मांजरीचा डोळा. बैलाचं खोगीर. शेंगेतला दाणा.
मोजायचं ते विषमच: एक, तीन, पाच, सात.
समाला या कापडात थारा नाही.

सेत्सुयो-सान, वय एक्याऐंशी, मान वर न करता शिकवतात.
किसाबुरो-सान पूर्वी खालीच बंबावर होते,
बोटं पाइपाएवढी, टाके मात्र मुंगीचे.
मिहोको गेली तीन वर्षं
एकच बटवा शिवतेय;
ती येते ती बोलायला, आणि तिच्यावाचून
आम्हाला सुई ओवणं जमत नाही.

आज माझ्या ध्यानात आलं:
सहा ओळी मागं पाचाऐवजी चार.
कुठं चुकले तेही आठवलं.
मागच्या गुरुवारी किसाबुरो-सान बसल्या बसल्या झोपले
आणि झोपेतच खणखणीत म्हणाले, "सात!"
त्या ओळीत आम्ही हसत होतो.
म्हटलं, राहू दे की, आठवण म्हणून.
सेत्सुयो-साननी चष्म्यावरून पाहिलं.
"आठवण डोक्यात ठेव. हे उसव."

उसवलं. दोरा मात्र सरळ होईना,
प्रत्येक टाक्याची लाट त्यात तशीच.
नवा दोरा ओवला, जुना बोटाभोवती गुंडाळून
खिशात टाकला.
खिशात हाताला लागलं दुसरं सफरचंद.

चौघांत चार फोडी.
सेत्सुयो-साननी बशीकडे पाहून
सुरी परत मागून घेतली
आणि त्यांतली मोठी कापून
पाच केल्या.

पाचवीला कुणी हात लावला नाही.
"तू घे," "नको, तुम्ही घ्या," करता करता
साडेआठ वाजले, स्टोव्ह विझवला,
फोड तपकिरी झाली.
जिना उतरताना ती मीच खाल्ली.
गार, थोडी रॉकेलच्या वासाची.
सायकलीचं सीट दवानं ओलं होतं.
पुसलं नाही. तशीच बसले.